फॅरेडेची उमेदवारी: जुज, सरस आणि सात पैसे

मायकेल फॅरेडेचं बालपण आपल्याकडे एका वाक्यात उरकतात. लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात कामाला लागला, बांधायला आलेली पुस्तकं वाचता वाचता शास्त्रज्ञ झाला. यात खोटं काही नाही, पण ‘वाचता वाचता’ या दोन शब्दांनी बराच घोळ घातलाय. लंडनमध्ये तेव्हा पुस्तकबांधणीची दुकानं पुष्कळ होती आणि तिथल्या प्रत्येक पोऱ्याच्या हाताखालून छापील कागद जातच होता. फॅरेडे त्या कागदाचं काय करायचा, आणि बांधणीच्या धंद्याने त्याच्या हाताला कसली सवय लावली, हे बघायला हवं. तेवढा भाग नेमका गाळला जातो.

जन्म २२ सप्टेंबर १७९१चा, थेम्सच्या दक्षिणेला न्यूइंग्टनमध्ये. वडील जेम्स लोहारकाम करायचे, पण तब्येत कायम खालावलेली. १८०१ साली धान्य महागलं तेव्हा मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव यायचा, तो त्याने सात दिवस पुरवायचा. शाळा म्हणजे अक्षरओळख, लिहिणं आणि अंकगणित. बीजगणित, भूमिती यांची गाठच पडली नाही, आणि ही उणीव जन्मभर राहिली. तिच्याकडे नंतर येऊ.

१८०४ साली, तेरावं वर्ष लागताना, तो ब्लँडफर्ड स्ट्रीटवरच्या जॉर्ज रिबोच्या दुकानात निरोप्या म्हणून लागला. रिबो पुस्तकं विकायचा, बांधायचा आणि वर्तमानपत्रं भाड्याने वाचायला द्यायचा. एका घरी पेपर टाकायचा, त्यांचा वाचून झाला की उचलून पुढच्या घरी न्यायचा, हे फॅरेडेचं काम. एका वर्षाने, ऑक्टोबर १८०५मध्ये, रीतसर सात वर्षांचा उमेदवारीचा करार झाला. उमेदवार ठेवताना मालक पोराच्या बापाकडून रक्कम घेत असे. रिबोने घेतली नाही, आणि मुलाने वर्षभर इमानाने केलेल्या कामाबद्दल ती माफ केल्याचं करारातच लिहिलं.

आता दुकानात शिरू. इथे थोडं रेंगाळणं भाग आहे.

त्या काळी पुस्तक बांधायला येई ते सुट्या, छापील तावांच्या गठ्ठ्यात. एक ताव तीनदा दुमडला की आठ पानं, म्हणजे सोळा पृष्ठांचा एक जुज तयार होतो. प्रत्येक जुजाच्या पहिल्या पानाखाली एक रोमन अक्षर छापलेलं असतं, त्यावरून क्रम लावायचा. नवशिका इथेच फसतो. एक तर मजकूर बहुधा ‘बी’पासून सुरू होतो, कारण ‘ए’ शीर्षकपान आणि प्रस्तावनेसाठी राखलेला असतो. दुसरं म्हणजे ही अक्षरं तेवीसच. ‘आय’नंतर थेट ‘के’ येतो, ‘यू’ आणि ‘व्ही’ मिळून एकच, आणि ‘डब्ल्यू’ नाहीच. ज्याला हे ठाऊक नाही तो ‘जे’चा जुज हरवला म्हणून दुकान पालथं घालतो. आणि खरोखरच एखादा जुज मागेपुढे झाला तर सोळा पृष्ठं चुकीच्या जागी शिवली जातात, मग सगळं उसवण्याशिवाय इलाज नाही. म्हणून शिवण्याआधी जुज तपासायचे. तपासायचे म्हणजे पान उलटून खालची ओळ आणि पुढच्या पानाची पहिली ओळ जुळते का बघायचं. वाचनाची संधी असलीच तर ती इथे.

त्यानंतर दगडावर ठेवून जड हातोड्याने जुज ठोकायचे, म्हणजे घडी बसते. छपाई ताजी असेल तर ठोकताना शाई समोरच्या पानावर उतरते, त्यामुळे ताजं काम थांबवून ठेवावं लागतं. मग पाठीला करवतीने खाचा घ्यायच्या, त्यात जाड दोऱ्या बसवायच्या आणि शिवणीच्या चौकटीवर जुज एकेक करून दोरीभोवती शिवत जायचं. खाच उथळ झाली तर दोरी वर येते आणि पाठीवर गाठ दिसते. खोल झाली तर सरस आत झिरपतो आणि पुस्तक उघडलं की पानांच्या बेचक्यात तो चमकतो. सरस नेहमी पाण्याच्या भांड्यात बसवलेल्या दुसऱ्या भांड्यात तापवायचा. थेट आचेवर ठेवला तर करपतो आणि त्याची पकड जाते. पिठाच्या खळीला बुरशी धरू नये म्हणून तुरटी घालायची. आपल्याकडचे बाइंडर त्यासाठी मोरचूद घालतात.

हे सगळं सात वर्षं. कागद, दोरा, चामडं, पुठ्ठा, सरस, खळ, सुरी. कोणती वस्तू किती ओलावा धरते, किती ताण सोसते, किती वेळात सुकते, हे बोटांना कळायला लागतं. पुढे प्रयोगशाळेत फॅरेडेचा हात इतका स्वच्छ का चालायचा याचं उत्तर मला तरी इथेच सापडतं.

वाचनात दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक म्हणजे बांधायला आलेल्या ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’मधला विजेवरचा लेख. तो जेम्स टायटलर नावाच्या माणसाने लिहिला होता. हाच गृहस्थ १७८४ साली एडिनबरामध्ये गरम हवेच्या फुग्यातून उडाला, ब्रिटनमधलं ते पहिलं मानवी उड्डाण. दुसरं पुस्तक जेन मार्सेट यांचं, संवादातून रसायनशास्त्र सांगणारं. ते निनावी प्रसिद्ध झालं होतं, त्यामुळे लेखिका कोण हे त्याला तेव्हा माहीतही नव्हतं. या पुस्तकाबद्दल त्याने पुढे जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा: वाचलेलं मी जमेल तेवढं करून पाहिलं, ते खरं निघालं, म्हणून मी त्या पुस्तकाला धरून राहिलो. खर्च आठवड्याला काही पेन्स. रिबोच्या दुकानात शेगडी होतीच, आणि काम संपल्यावर मागच्या बाजूला असले उद्योग करायला मालकाची हरकत नव्हती. असा मालक लाभणं ही फॅरेडेच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी शिष्यवृत्ती. चरित्रांत तिला दोन ओळी मिळतात.

विजेचं यंत्र त्याने आधी काचेच्या साध्या बाटलीवर केलं, मग खऱ्या काचनळकांड्यावर. रचना सोपी आहे. काचेचं नळकांडं आडवं, दोन खांबांत बसवलेलं, एका टोकाला दांडा. एका बाजूने चामड्याची गादी काचेला दाबून धरते, गादीवरून रेशमाचा पदर काचेच्या डोक्यावर येतो. समोरच्या बाजूला काचेच्या पायावर उभा धातूचा वाहक, त्याला काचेकडे तोंड करून टोकदार दात. दांडा फिरवला की घर्षणाने काचेवर आलेला विद्युतभार दातांमार्फत वाहकावर जमतो. गादीला त्या काळी पारा, कथील आणि जस्ताचा लेप लावत. आज तो घरी लावायच्या भानगडीत पडू नये, पाऱ्याची वाफ विषारी असते. कोरड्या रेशमावर किंवा लोकरीवर ठिणगी लहान पडेल, पण पडेल.

आणि पडली नाही तर कारण बहुधा एकच, हवेतला ओलावा. काचेवर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा थर बसतो आणि जमलेला भार त्यावरून निसटून जातो. कोकणात आषाढात हे यंत्र कितीही फिरवा, हात दुखण्यापलीकडे काही व्हायचं नाही. नागपुरात डिसेंबरात तेच यंत्र तडतडतं. लंडनची हवाही दमटच, त्यामुळे यंत्र आधी शेकोटीजवळ कोमट करून घ्यायची रीत होती. दुसरी नेहमीची चूक म्हणजे वाहकाच्या काचेच्या पायाला बोटं लावणं. बोटांचा घाम आणि मीठ तिथे राहतं, आणि भार त्या वाटेने उतरून जातो. काच पुसून, गरम करून, फक्त धातूला धरून हलवायची.

लायडन बरणीचंही, म्हणजे विद्युतभार साठवायच्या काचेच्या बरणीचंही, तसंच. बरणीला आतून-बाहेरून कथलाचा पातळ वर्ख खळीने चिकटवायचा, पण उंचीच्या साधारण दोन तृतीयांशापर्यंतच. वरचा काठ उघडा ठेवला नाही तर ठिणगी काठावरून उडी मारते आणि बरणी भरतच नाही. वर्ख सुरकुत्या न पडता गोल पृष्ठभागावर बसवणं हे बाइंडरच्या हातचं काम, चामडं पुठ्ठ्यावर बसवण्यापेक्षा वेगळं नाही. (मोठी बरणी भरून हाताने उतरवू नका. तो झटका गंमत म्हणून घेण्यासारखा नसतो.)

१८१०च्या फेब्रुवारीत त्याला दुकानाच्या खिडकीत की रस्त्यावर एक जाहिरात दिसली. जॉन टेटम नावाचे चांदीकाम करणारे गृहस्थ फ्लीट स्ट्रीटजवळच्या आपल्या घरी संध्याकाळी आठ वाजता विज्ञानावर व्याख्यानं देत, प्रवेश एक शिलिंग. हा शिलिंग थोरला भाऊ रॉबर्ट देई. तोही लोहारच. दीडेक वर्षात फॅरेडेने डझनभर व्याख्यानं ऐकली.

ती टिपून घ्यायची त्याची पद्धत आजही कुणी जशीच्या तशी उचलावी अशी आहे. पुढच्या रांगेत बसायचं. पहिल्या फेरीत फक्त ठळक शब्द, छोटी महत्त्वाची वाक्यं, प्रयोगांची नावं आणि पदार्थांची नावं टिपायची. घरी आल्यावर त्यावरून दुसरी टिपणं, जरा सविस्तर आणि वाचता येतील अशी. तिसऱ्या फेरीत व्याख्यानाचा क्रम लावून घ्यायचा. आणि चौथ्या फेरीत ही टिपणं नुसती आठवणीचा आधार म्हणून समोर ठेवून पूर्ण व्याख्यान आपल्या शब्दांत लिहून काढायचं. एका व्याख्यानाची चार लेखनं झाली. सगळं ऐकताना शब्दशः उतरवायला गेलं की प्रयोग बघायचा राहतो, आणि तिथे बघण्यासारखं जे असतं ते टेबलावर असतं.

उपकरणांची चित्रं काढायची तर यथादर्शन, म्हणजे खोली आणि अंतर दाखवत चित्र काढायचं तंत्र, यायला हवं. रिबोकडे मास्केरिए नावाचा फ्रेंच वंशाचा चित्रकार राहायला होता. त्याने फॅरेडेला यथादर्शनावरचं एक जाडजूड पुस्तक दिलं आणि फॅरेडेने त्यातली सगळी चित्रं नकलून काढली. शिकवणीच्या बदल्यात चित्रकाराची खोली झाडायची, बूट पुसायचे. मग टेटमच्या व्याख्यानांची स्वच्छ प्रत, चित्रांसकट, त्याने स्वतःच चार खंडांत बांधली आणि रिबोला अर्पण केली.

हे खंड रिबोने गिऱ्हाइकांना कौतुकाने दाखवले. त्यातून ते विल्यम डान्स यांच्यापर्यंत गेले. डान्स रॉयल इन्स्टिट्यूशन या लंडनमधल्या विज्ञानसंस्थेचे सदस्य होते. त्यांनी या पोराला तिथल्या नामवंत रसायनशास्त्रज्ञाच्या, हम्फ्री डेव्हीच्या, चार व्याख्यानांची तिकिटं दिली, फेब्रुवारी ते एप्रिल १८१२मधली. फॅरेडे वरच्या सज्जात, घड्याळाच्या डोक्यावर बसून ऐकायचा. चौथं व्याख्यान १० एप्रिलला झालं आणि दुसऱ्या दिवशी डेव्हीचं लग्न. श्रीमंत बायको मिळाल्यावर त्याने नेहमीची व्याख्यानं सोडली. म्हणजे फॅरेडेला मिळाली ती अगदी शेवटची. त्यांचीही त्याने तशीच प्रत केली, साडेतीनशेहून जास्त पानांची, आणि तीही बांधली.

मला या सगळ्या काळातला सर्वात आवडता कागद मात्र त्या वहीतला नाही. जुलै १८१२मध्ये त्याने मित्र बेंजामिन ॲबटला लिहिलेलं पत्र आहे. वय वीस, उमेदवारी संपायला तीन महिने. पत्रात तो सांगतो की मी व्होल्टाची विद्युतचिती, म्हणजे धातूच्या चकत्या रचून केलेली बॅटरी, तयार केली, तिच्यात जोड्यांची ‘प्रचंड’ संख्या आहे सात, आणि चकत्यांचा ‘प्रचंड’ आकार आहे हाफपेनीएवढा. पुढे उद्गारचिन्हांची रांग.

हाफपेनी तेव्हा शुद्ध तांब्याची होती, तीनेक सेंटिमीटर व्यासाची, आपल्या ढब्बू पैशासारखी. म्हणजे सात नाणी खिशातूनच. प्रश्न जस्ताचा. साध्या तापमानाला जस्त ठिसूळ असतं, ठोकलं की तडकतं. शंभर ते दीडशे अंश सेल्सिअसच्या दरम्यान ते मऊ पडतं आणि लाटता येतं, ही युक्ती १८०५ साली शेफील्डमध्ये सापडली. तेव्हा कुठे जस्ताचा पत्रा बाजारात यायला लागला. फॅरेडेला तो एका रासायनिक सामानाच्या दुकानात दिसला, त्याने तो घेतला आणि स्वतःच्या हाताने नाण्याएवढ्या सात चकत्या कापल्या. मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागदाचे तुकडे सात, ‘किंवा खरं तर सहा’, असं तो स्वतःच दुरुस्त करून लिहितो.

ही दुरुस्ती फार सुंदर आहे. चिती अशी लागते: जस्त, तांबं, कागद, जस्त, तांबं, कागद, आणि असंच सातव्या जोडीपर्यंत. सात जोड्यांच्या मध्ये फटी सहाच. वीज तयार होते ती ‘तांबं, ओला कागद, जस्त’ या त्रिकुटात, म्हणून घट (सेल) सहा. सर्वांत खालचं जस्त आणि सर्वांत वरचं तांबं काहीच करत नाहीत, ते निव्वळ तार जोडायचे तुकडे. आणि म्हणूनच एक चमत्कारिक गोष्ट घडते. जस्ताचं टोक ऋण असेल असं आपण धरून चालतो, पण इथे खालचं जस्त लागून असतं पहिल्या घटाच्या तांब्याला, म्हणजे ते धन टोक. मीटर उलटा आकडा दाखवायला लागला की पुष्कळ जण चिती मोडून परत रचतात. मोडू नका, तारा बदला.

घरी करायची असेल तर आजची नाणी चालणार नाहीत, ती शुद्ध तांब्याची नसतात. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा तांब्याचा पत्रा घ्या. पुण्यात तांबट आळीत विचारलं तर तुकडे मिळतील. जस्ताचा पत्राही तेवढाच जाड पुरे. तीन सेंटिमीटरच्या सात-सात चकत्या. तांबं चिंच-मीठ लावून घासायचं आणि पूर्ण कोरडं करायचं, जस्त पॉलिश पेपरने. जोडीतल्या जस्त-तांब्याचा स्पर्श कोरडाच हवा. टीपकागदाच्या सहा चकत्या धातूपेक्षा दोनेक मिलिमीटरने लहान कापा. अर्धा कप पाण्यात दोन-तीन चमचे मीठ. कागद भिजवून काढल्यावर बोटांत हलका दाबून घ्या. तो ओला हवा, गळता नको. बहुतेकांची चिती इथेच मरते. कागदातून ओघळ बाहेर आला की तो कडेने खालच्या चकतीला मिळतो आणि तेवढा घट बाजूने जोडला जातो. वरून वजन ठेवलं तर आणखी पाणी निघतं. खुद्द व्होल्टाच्या उंच चितींना हाच रोग होता, वरच्या धातूच्या भाराने खालचे कागद पिळले जायचे.

दुसरी चूक म्हणजे मधली एखादी जोडी उलटी ठेवणं. तिच्या एका बाजूला तांब्यासमोर तांबं येतं, दुसऱ्या बाजूला जस्तासमोर जस्त, आणि दोन्ही घट शून्य होतात. एक घट साधारण पाऊण व्होल्टचा धरला तर सहांचे साडेचार. एक जोडी उलटी झाली तर तीन. म्हणजे मीटरवरचा आकडाच चूक कुठल्या जातीची ते सांगतो. काही मिनिटांत जोर ओसरतो त्यात मात्र तुमची चूक नसते. तांब्यावर हायड्रोजनचा थर साचतो आणि वाट अडवतो.

फॅरेडेने या चितीच्या तारा मॅग्नेशियम सल्फेटच्या, म्हणजे एप्सम सॉल्टच्या द्रावणात सोडल्या. दोन्ही तारांवर बुडबुडे आले, आणि ऋण तारेवरून अगदी बारीक बुडबुड्यांची धार सुरू झाली. पण बुडबुडे म्हणजे क्षाराचं विघटन झाल्याचा पुरावा नव्हे, हे त्याला विसाव्या वर्षी कळत होतं. त्याने दिलेला पुरावा वेगळा आहे: सुमारे दोन तासांनी स्वच्छ द्रावण गढूळ झालं, त्यात मॅग्नेशिया, म्हणजे मॅग्नेशियमचा पांढरा गाळ, तरंगत होता. हे करून बघताना धन बाजूला तांब्याची तार लावली तर तांबं विरघळून पाणी निळसर होतं आणि गढूळपणा ओळखता येत नाही, त्यापेक्षा पेन्सिलीचं शिसं बरं. आणि पेला ढवळायचा नाही. धन बाजूला आम्ल तयार होत असतं, ढवळलं की ते ऋण बाजूच्या मॅग्नेशियाला विरघळवून टाकतं आणि दोन तास बसून हाती स्वच्छ पाणी राहतं.

पुढचा भाग सर्वांना माहीत आहे, तो भराभर सांगतो. ऑक्टोबर १८१२मध्ये उमेदवारी संपली, दुसऱ्या मालकाकडे कारागीर म्हणून लागला, तिथे रमला नाही. रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. नायट्रोजन ट्रायक्लोराइडच्या स्फोटात डेव्हीच्या डोळ्याला इजा झाली तेव्हा काही दिवस त्याचा लेखनिक म्हणून काम मिळालं. डिसेंबरात बांधलेली वही त्याने डेव्हीला पाठवली. डेव्ही भेटला, सौजन्याने वागला, आणि सल्ला दिला तो धंदा सोडू नकोस हा. इन्स्टिट्यूशनची पुस्तकं बांधायला तुझ्याकडेच देईन, असं आश्वासनही दिलं. वही फारच चांगली बांधली होती म्हणायची! सुदैवाने फेब्रुवारीत तिथला मदतनीस मारामारी करून नोकरी घालवून बसला आणि १ मार्च १८१३ला फॅरेडेची नेमणूक झाली. आठवड्याला पंचवीस शिलिंग, माडीवर दोन खोल्या, शिवाय कोळसा आणि मेणबत्त्या.

बांधणीचा हात पुढे कुठे कुठे डोकावतो ते बघण्यात मजा आहे. १८२४ साली वायू साठवायला पिशवी हवी होती. त्याने रबराच्या दोन पातळ पत्र्या एकावर एक ठेवल्या, मध्ये आतल्या भागाला चिकटू नये म्हणून पीठ भुरभुरलं, आणि कडा नुसत्या दाबल्या. ताजं कापलेलं रबर आपोआप चिकटतं. रबरी फुगा असा जन्मला. चुंबकाभोवती लोहकीस पसरून जे आकार उमटतात ते टिकवायला त्याने मेण लावलेला कागद वापरला, ते कागद अजून आहेत. १८३२पासून त्याने प्रयोगांच्या रोजनिशीतल्या परिच्छेदांना सलग क्रमांक दिले, ते १८६०पर्यंत १६,०४१वर पोचले. ज्याने जुजांची अक्षरं सात वर्षं तपासली त्याला ही कल्पना सुचणं मला साहजिक वाटतं. आणि गणित येत नसल्यामुळे चुंबकाभोवतीच्या जागेचा विचार त्याने रेषांनी, चित्रांनी केला. समीकरणं तीसेक वर्षांनी मॅक्सवेलने लिहिली.

सगळ्यांत ठळक खूण २९ ऑगस्ट १८३१च्या कड्यावर आहे, ज्याने त्याने चुंबकत्वापासून वीज मिळवली. मऊ लोखंडाची सात अष्टमांश इंच जाड सळई वाकवून केलेलं, बाहेरून सहा इंच व्यासाचं कडं. अर्ध्या भागावर प्रत्येकी चोवीस फुटांच्या आसपासच्या तीन तारा, समोरच्या अर्ध्यावर आणखी दोन. लाखेचा मुलामा दिलेली तार तेव्हा मिळत नसे, तार उघडीच. मग दोन वेढे एकमेकांना टेकू नयेत म्हणून त्याने तारेसोबत सुतळी गुंडाळली आणि एक थर झाला की वर सुती कापड घातलं, कॅलिको. एखादा धागा सैल पडला की दोन वेढे भिडणार आणि तेवढी तार फुकट जाणार, त्यामुळे ताण सगळीकडे सारखा ठेवावा लागतो, अगदी जुज शिवताना ठेवतात तसा. इथे एक खबरदारी: कॅलिको कापडाची बांधणी लंडनमध्ये आली ती १८२०नंतर, रिबोच्या दुकानात काम होई चामड्याचं. तेव्हा कापड तिथून आलं असं म्हणता येत नाही. सुतळीचं म्हणता येतं.

एका बाजूची तार घटमालेला जोडली, दुसऱ्या बाजूची तार लांब नेऊन एका चुंबकसूचीवरून घातली. सूची कड्यापासून तीन फूट दूर, कारण जवळ ठेवली तर कड्याच्याच चुंबकत्वाने हलते आणि प्रयोग निकामी होतो. घट जोडताच सूची थरथरली आणि परत आपल्या जागी येऊन थांबली. घट चालूच होता, सूची स्थिर. तोडताच पुन्हा हलली. सतत वाहणारी वीज मिळेल या अपेक्षेने आधी किती तरी जणांनी, खुद्द फॅरेडेनेही, सूचीकडे नंतर बघितलं होतं, तोवर ती थांबलेली असायची. या वेळी जोडताना डोळा सूचीवर होता.

कडं रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ठेवलं आहे. कापड काळवंडलंय, पण सुतळीचे वेढे अजून मोजता येतात.